काम कुणाचंही करा, अंथरूण आपलं ठेवा

गाडीत संसार घालून महिनोन्महिने फिरणाऱ्यांच्या व्हिडिओखाली एक प्रश्न हमखास असतो: पैसे कुठून आणता? उत्तरंही ठरलेलीच. लॅपटॉपवर काम करतो, आधी साठवले होते, किंवा वाटेत मिळेल ते काम करतो. हे तिसरं उत्तर कानाला फार गोड लागतं, म्हणून त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. मी आणि नवरा व्हॅनमधून फिरलो तेव्हा बराच काळ याच तिसऱ्या उत्तरावर काढला. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

हंगामाच्या दिवसांत काम मिळायला फारसं काही लागत नाही. हातपाय धड असले आणि सकाळी वेळेवर पोचलात की घेतात. खरी अडचण नंतर येते. काम वाईट निघालं, मुकादम शिवराळ निघाला, ठरलेला दर दुसऱ्या आठवड्यात बदलला, तर तुम्हाला तिथून उठून जाता येतं का? माझ्या अनुभवात याचं उत्तर पगारावर कमी आणि रात्री तुम्ही कुणाच्या छपराखाली झोपता यावर जास्त ठरतं. गाडीवाल्याकडे स्वतःचं छप्पर असतं. तेच तो सगळ्यात आधी फुकापासरी सोडून देतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो.

त्याआधी ‘वाटेत मिळेल ते’ याबद्दल. वाटेत काही मिळत नाही हो. काम त्याच्या जागी, त्याच्या महिन्यात असतं, आणि आपण तिथे असावं लागतं. न्यूझीलंडच्या बे ऑफ प्लेंटी भागात किवीची तोडणी साधारण मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत चालते. सफरचंदासाठी त्याच्या आधीच तिथल्याच हॉक्स बे भागात पोचलेलं बरं. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात द्राक्षं हातानेच तोडायची असा नियम आहे, त्यामुळे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या दरम्यान काही दिवसांसाठी तिथे लाखभर माणूस लागतं. बर्फावरच्या रिसॉर्टना उत्तर गोलार्धात डिसेंबर ते एप्रिल आणि दक्षिणेत जून ते सप्टेंबर माणसं हवी असतात, पण त्यांची भरती कित्येक महिने आधी उरकते. बर्फ पडल्यावर जाऊन विचाराल तर भांडी घासायचं काम उरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात तर सरकारच पिकांचं मार्गदर्शक काढतं: कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, कशाची तोडणी. आम्ही मार्ग आखायचा तो असला कागद समोर ठेवून, उलट्या दिशेने. बघण्यासारखी ठिकाणं मधल्या मोकळ्या आठवड्यांत बसवायची.

तरी पंचांग बिघडतंच. अमेरिकेत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर रेड रिव्हर व्हॅलीत शुगर बीटची, म्हणजे ज्यापासून साखर काढतात त्या बीटची, मोठी काढणी 1 ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रंदिवस, साधारण दोन आठवडे. घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन फिरणारे, त्यात निवृत्त जोडपी पुष्कळ, दरवर्षी तिथे जमतात. आता गंमत बघा. काढलेलं बीट उघड्यावर डोंगरासारखे ढीग लावून ठेवतात आणि कारखाना ते पुढे हिवाळाभर गाळत राहतो. बीट गरम असताना ढिगात गेलं तर आतून सडतं. म्हणून ऑक्टोबरात छान ऊन पडलं की काम बंद! कडाक्याची थंडी पडून बीट गोठलं तरी बंद. पंधरा दिवसांचा हिशेब धरून गेलेला माणूस लख्ख उन्हात खुर्ची टाकून हवा बिघडायची वाट बघत बसतो.

आमच्या किवीच्या बागेतही हीच तऱ्हा. फळ ओलं असेल तर तोडत नाहीत. सकाळी आठला सगळी टोळी हजर, आणि वेलींवर दव. सुपरवायझर मांडवाखाली जायचा, दोन-चार फळांवरून हात फिरवायचा, पँटला पुसायचा आणि काही न बोलता परत गाडीत जाऊन बसायचा. म्हणजे अजून नाही. टोळी आपापल्या गाड्यांमध्ये काचा वर करून, हातमोजे मांडीवर घेऊन बसलेली. कधी दहाला ‘चला’ म्हणून त्याचा हात हलायचा, कधी बारापर्यंत ताटकळून घरी. पैसे बिनावर, म्हणजे फळं ओतायच्या मोठ्या खोक्यामागे असतील तर त्या ताटकळण्यात कमाई शून्य. एकदा सुरू झालं की मात्र उसंत नाही. पोटावर पिशवी, दोन्ही हात वर, फळ वळवून देठापासून सोडवायचं, पिशवी भरली की बिनाजवळ जाऊन खालचा फ्लॅप सोडायचा, पण हळू, कारण आपटलेलं फळ कुणी घेत नाही. भरलेली पिशवी वीस किलोच्या पुढे जाते. मांडव असा बरोब्बर उंचीचा की बुटक्यांनी टाचा उंचवायच्या आणि उंचांनी मान वाकवून चालायचं. माझा नवरा सहा फूट. संध्याकाळी तो मान वळवायच्या ऐवजी आख्खा वळायचा.

आता पैसे. रोजंदारी की नगावर, हा पहिला प्रश्न. नगावर, म्हणजे बिनामागे किंवा झाडामागे दर असला की कंत्राटदार म्हणतो, ‘चांगले हात असतील तर दुप्पट कमवाल.’ काही जण खरंच कमावतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात झाडं लावायच्या कामात रोपामागे पैसे मिळतात आणि मुरलेले लोक दिवसाला हजारांनी रोपं लावतात. पण नवखा माणूस पहिल्या दोन आठवड्यांत तिथवर पोचत नाही, आणि हंगामी कामात पहिले दोन आठवडे हाच मुळी मोठा भाग असतो. म्हणून किमान किती मिळेल ते विचारायचं. ऑस्ट्रेलियात 28 एप्रिल 2022 पासून फळबागा आणि भाजीपाल्याच्या शेतीत नगावर काम करणाऱ्यालाही तासाच्या किमान वेतनाची हमी आहे: बिनं कमी भरली तरी झालेल्या तासांचं वेतन द्यावंच लागतं, आणि त्यासाठी तासांची नोंद ठेवावी लागते. न्यूझीलंडमध्येही किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. तरीही आम्ही आमची वही ठेवायचो. सुरू किती वाजता, बंद किती वाजता, बिनं किती, कोणत्या ओळीत. एका ठिकाणी आमच्या टोळीची बिनं मालकाच्या कागदावर कमी निघाली तेव्हा या वहीमुळेच दोन मिनिटांत विषय मिटला. आवाज चढवायचीही वेळ आली नाही.

मध्ये ठेकेदार असेल तर त्याचा परवाना बघायचा. हे कुणी उगाच काढलेलं खूळ नाही. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री इंग्लंडमध्ये मोरकम बे इथे भरतीच्या पाण्यात शिंपले गोळा करणारे किमान एकवीस चिनी मजूर बुडाले. त्यानंतर त्याच वर्षी तिथे मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड आणि व्हिक्टोरियातही असे परवाने आहेत, आणि परवानाधारकांची यादी ऑनलाइन दिसते. नाव टाकून बघायला एक मिनिट लागतं.

आता अंथरुणाकडे येते.

हंगामी कामाच्या गावात ‘वर्किंग हॉस्टेल’ असतात. भाडं त्यांना द्या, ते तुम्हाला शेतावर काम मिळवून देतात, सकाळी त्यांचीच गाडी सोडते. ऐकायला सोयीचं. पण मग काम आणि बिछाना एकाच माणसाच्या मुठीत जातो. तक्रार केली की उद्याच्या यादीत नाव नाही, आणि कामाशिवाय बसून भाडं मात्र चालू. सगळीच तशी नसतात. नीट चालवलेलीही पाहिली आहेत. पण बांधणीच अशी आहे की चांगलं वागणं त्या माणसाच्या मर्जीवर राहतं. जून 2000 मध्ये क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स गावात अशाच एका जुन्या इमारतीतल्या हॉस्टेलला कुणीतरी आग लावली आणि पंधरा तरुण प्रवासी गेले. भोवतालच्या शेतांवर तोडणीला आलेल्यांचं ते हॉस्टेल होतं. इमारतीतली आगीची सूचना देणारी यंत्रणा बंद होती.

2023 च्या शॅम्पेनच्या हंगामातलं प्रकरण तर ताजं आहे. भयंकर उकाड्यात तोडणी करताना काही मजूर दगावले. त्याच हंगामात पन्नासहून अधिक स्थलांतरित मजूर एका गलिच्छ इमारतीत कोंबलेले सापडले. राहायची सोय करतो म्हणून आणलेली माणसं होती ती. 2025 मध्ये मानवी तस्करीच्या गुन्ह्यात तिघांना शिक्षा झाली. ही माणसं प्रवासी नव्हती, पोटासाठी आली होती. आपल्यासारख्या हौशींनी याचं भान ठेवावं असं मला फार वाटतं. बांधावर आपल्या शेजारी उभा असलेला माणूस तेच काम घरी पैसे पाठवायला करत असतो. आपण ‘अनुभव म्हणून’ कमी पैशात राबलो की त्याचा दर पडतो.

त्यामुळे फुकट राहणं-जेवण घेऊन रोज चार-पाच तास राबायची जी टूम आहे तिच्याबद्दल माझं मत बरं नाही. सुरुवात निर्मळ होती, हे मान्य. 1971 मध्ये लंडनमधल्या सू कॉपर्ड नावाच्या सेक्रेटरी बाईंनी शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर नेण्यासाठी सुरू केलेला उपक्रम, तोच आज ‘वूफ’ म्हणून जगभर पसरलाय. शिकायचं असेल, चार दिवस एखाद्या कुटुंबात राहायचं असेल तर जरूर जा. पण धंद्याच्या हॉस्टेलात चादरी बदलणं, गल्ल्यावर बसणं, रंगकाम, हे पगाराचं काम आहे. आणि ज्याच्याकडे गाडीत स्वतःचा पलंग आहे त्याने पलंगाच्या बदल्यात रोज पाच तास द्यावेत यात कसला फायदा? आठवड्यात पाचच दिवस धरले तरी पंचवीस तास होतात. तेवढे तास किमान वेतनाने धरा आणि त्या खाटेचं खरं भाडं किती पडलं ते बघा.

वर ‘पैसे घेत नाही म्हणजे काम नाही, टुरिस्ट व्हिसा चालेल’ हा गैरसमज. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरलं जातं आणि त्याला काम करायची परवानगी असलेला व्हिसा लागतो. इतरही बऱ्याच देशांचा रोख असाच आहे. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसाचं, म्हणजे तरुणांना फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसाचं, दुसरं वर्ष मिळवायला ठरावीक भागात, ठरावीक प्रकारचं तीन महिने काम दाखवावं लागतं, तेच ते प्रसिद्ध 88 दिवस. (ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना जुलै 2024 पासून यातून सूट आहे.) 2015 च्या अखेरीपासून त्यात बिनपगारी काम मोजत नाहीत. कारण उघड आहे: त्या दिवसांच्या मोहापायी पोरं फुकट राबत होती.

आता ‘अंथरूण आपलं’ याचाही खर्च असतो, तो लपवत नाही. गाडी कुठेही लावून झोपता येत नाही. न्यूझीलंडने 2023 मध्ये नियम कडक केले: स्वयंपूर्ण गाडी (म्हणजे शौचालय-पाण्याची सोय आतच असलेली) असं प्रमाणपत्र हवं तर शौचकूप गाडीत पक्का बसवलेला हवा, उचलून ठेवायचा चालत नाही. बागेचा मालक आवारात गाडी लावू देत असेल तर उत्तम, तरी त्याचं भाडं पगारातून कापणार का, हे आधी लिहून घ्या. अमेरिकेत कॅम्पग्राउंडवर पाहुण्यांची व्यवस्था बघायची आणि बदल्यात गाडीला जागा, वीज, पाणी, असा सौदा सर्रास असतो. त्यात जागेच्या बदल्यात आठवड्याला किती तास आणि त्यापुढच्या तासांना पैसे किती, हे दोन आकडे कागदावर नसतील तर मी पुढे निघेन. आणखी एक, प्रवासाचा विमा अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा बऱ्याचदा धरत नाही. शिडीवर चढायच्या आधी ते कलम वाचा.

कामाच्या गावात हंगामाच्या आठवडाभर आधी पोचायचं. स्थानिक फोन नंबर, बँक खातं, कराचा नंबर तयार ठेवायचा. ‘करून घेतो’ म्हणणाऱ्याच्या आधी ‘झालंय’ म्हणणाऱ्याला घेतात. फोन करण्यापेक्षा पॅकहाउसच्या, म्हणजे फळं निवडून खोक्यात भरतात त्या जागेच्या, ऑफिसात सकाळी जाऊन उभं राहिलेलं चांगलं. बूट कामाचे घालून जायचं, ते आधी पायाकडे बघतात.

राहता राहिला प्रश्न किती पैसे गाठीशी ठेवून निघावं. आमचा नियम होता: पुढच्या हंगामाच्या गावापर्यंतचं इंधन आणि तीन आठवड्यांचा खर्च, याला कितीही अडलं तरी हात लावायचा नाही. एका बागेत तिसऱ्याच दिवशी दर खाली आला. आम्ही झालेल्या दिवसांचा हिशेब मागितला, मिळाला, आणि दुपारी गाडी काढली. टोळीतल्या आणखी चौघांना निघायचं होतं, पण मालकाच्या खोल्यांचं दोन आठवड्यांचं भाडं त्यांनी आगाऊ भरलेलं होतं. ते राहिले.