कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी खानापुरात चालते

गेल्या पावसाळ्यात कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे राहणाऱ्या आमच्या आत्तीने बारा दिवस बीपीची गोळी घेतली नाही. गोळ्या संपल्या होत्या. कोल्हापूरच्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर विचारपूस करून नवी चिठ्ठी मोबाइलवर पाठवलीही होती. पण ती तिने मेडिकलमध्ये दाखवलीच नाही, कारण गावच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज नातवाने तिला वाचून दाखवला होता. "चालत न्हाई म्हणे ती चिठ्ठी. उगीच दुकानदाराला तरास कशाला?" असं तिचं म्हणणं. तेराव्या दिवशी डोकं गरगरायला लागलं, तेव्हा उपकेंद्रात नेऊन बीपी मोजलं. वरचा आकडा १९० होता.

तोच मेसेज आता खानापूर, बेळगाव, निपाणी भागात पुन्हा फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ऑनलाइन डॉक्टरांनी औषध लिहून देणं बेकायदेशीर आहे. महाराष्ट्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी कर्नाटकात चालत नाही. मोबाइलवरची चिठ्ठी बघून औषध दिलं तर दुकानाचं लायसन्स जातं. फोनवर झोपेच्या गोळ्यांपासून काहीही मिळतं. पलीकडे डॉक्टर नसतोच, कॉम्प्युटर असतो. आणि शेवटी, 'असली औषधं ताबडतोब बंद करा.' या शेवटच्या ओळीमुळे मी हे लिहायला बसले आहे.

'ऑनलाइन चिठ्ठी बेकायदेशीर आहे'

नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दुरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि ती डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांना जोडली गेली. व्हिडिओ, फोन किंवा लेखी मेसेज यांतल्या कुठल्याही मार्गाने नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊ शकतात आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत औषधही लिहू शकतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने 'ई-संजीवनी'ची घरबसल्या ओपीडी सुरू केली. ती मोफत आहे आणि तिथूनही चिठ्ठी मिळते. सरकार स्वतः जे चालवतं, ते बेकायदेशीर कसं असेल?

हा समज कुठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला होता. बाळंतीण दवाखान्यात दाखल होती, डॉक्टर जागेवर नव्हते, फोनवरच्या सूचनेवरून उपचार झाले आणि ती गेली. 'फोनवर औषध म्हणजे गुन्हा' हे वाक्य तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं. पण ते प्रकरण दाखल रुग्णाला कुणी न तपासण्याचं होतं आणि २०२० च्या नियमांच्या आधीचं होतं.

'महाराष्ट्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी इकडे चालत नाही'

हा मुद्दा आपल्या लोकांना लगेच पटतो, आणि का पटतो तेही मला कळतं. सातबारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये. दर कागदाला 'हा इथं चालेल का?' असं विचारायची सवय आपल्याला तीन पिढ्यांपासून लागली आहे. म्हणून चिठ्ठीबद्दलही कुणी 'चालत नाही' म्हटलं की आपण मान डोलावतो.

पण डॉक्टरांच्या बाबतीत तसं नाही. कुठल्याही राज्याच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला टेलिमेडिसिनने सल्ला देऊ शकतो, असं त्या तत्त्वांत सरळ लिहिलं आहे. औषधांच्या नियमांतही चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरांची असावी एवढंच बघतात. डॉक्टर कुठल्या राज्याचे, हे कुणी विचारत नाही.

आणि आठवून बघा, आपली माणसं रेल्वेत बसून मिरजेला जात आली, एसटीने कोल्हापूरला जात आली. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावर बेळगावच्या मेडिकलमध्ये गोळ्या घेत आली. तो कागद चालत होता, तर त्याच डॉक्टरांनी सही करून पाठवलेला मोबाइलवरचा कागदही चालतो.

आत्तीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिला कन्नड येत नाही, हिंदी जेमतेम. "छातीत कसंतरी होतंय", "पायात गोळे येतात", "जीव घाबरा होतो" यांतला फरक ती मराठीतच सांगू शकते. तो फरक ऐकून डॉक्टर गोळी बदलतात. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आषाढात रस्ता बंद पडला की कोल्हापूर फार लांब होतं. अशा दिवसांत मराठी समजणाऱ्या डॉक्टरांशी वीस मिनिटं बोलायला मिळणं ही म्हाताऱ्या माणसासाठी फार मोठी सोय आहे. ती सोय एका मेसेजपायी तिने सोडावी, हे मला सहन होत नाही.

'मोबाइलवरच्या चिठ्ठीवर औषध दिलं तर लायसन्स जातं'

दुकानदाराची भीती खोटी नाही. शेड्यूल एच मधली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीतल्या औषधांसाठी तर वेगळी वही ठेवावी लागते, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासकट, आणि ती तीन वर्षं जपावी लागते. तपासणीला आलेले अधिकारी तीच वही मागतात.

पण २०२० ची तत्त्वं डॉक्टरांना सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-चिठ्ठी रुग्णाला पाठवू देतात. त्यावर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, रुग्णाचं नाव, वय, पत्ता आणि औषधाचं प्रमाण हवं. हे सगळं असेल तर दुकानदाराला घाबरायचं कारण नाही. 'दोन गोळ्या घ्या' असा साधा मेसेज म्हणजे मात्र चिठ्ठी नव्हे, आणि तो दाखवल्यावर दुकानदाराने नकार दिला तर त्याचं बरोबरच आहे. औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे रुग्णाने ठरवायचं. सल्ला ॲपवरून घेतला तरी ॲपवाल्यांचंच औषध घ्यायची सक्ती नाही. ऑनलाइन औषधविक्रीचा वाद वेगळा आहे.

'फोनवर काहीही मिळतं'

हे तर सपशेल उलटं आहे. पॅरासिटामॉल, ओआरएस असली साधी औषधं कुठल्याही मार्गाने सांगता येतात. गजकर्णाचं मलम, डोळे आल्यावरचे थेंब अशा काही गोष्टी पहिल्याच भेटीत लिहिता येतात, पण डॉक्टरांनी व्हिडिओवर बघितल्यावरच. शुगर, बीपी, दमा यांच्या चालू गोळ्या पुन्हा लिहून देणं याच गटात येतं. त्याच आजारासाठी गोळीची नवी भर घालायची असेल, तर त्याच डॉक्टरांनी मागच्या सहा महिन्यांत रुग्णाला समोरासमोर तपासलेलं हवं. म्हणूनच आत्तीला आम्ही दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा कोल्हापूरला नेऊन आणतो.

झोपेसाठी लोक मागतात ती अल्प्राझोलाम अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. ती टेलिमेडिसिनने लिहून द्यायला मनाई आहे. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतली औषधंही तशीच. कुणी देत असेल तर तो डॉक्टर गैरवर्तन करतो आहे, त्याची वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. आणि चिठ्ठी एकदा मिळाली की वर्षभर चालते असंही नाही: औषध पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी तीवर लिहिलेलं नसेल, तर नियमाने ती एकदाच चालते.

'पलीकडे कॉम्प्युटर असतो'

कॉम्प्युटरला औषध लिहायचा अधिकार नाही, तत्त्वांत तसं स्पष्ट म्हटलं आहे. शंका आली तर चिठ्ठीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या वेबसाइटवर शोधा. नाव सापडलं नाही तर ती चिठ्ठी वापरू नका.

'ताबडतोब बंद करा'

कृपा करून असं करू नका. ॲटेनोलॉलसारखी बीपीची गोळी एकाएकी सोडली तर ठोके वाढतात, छातीत दुखू शकतं. फिटच्या गोळ्या सोडल्या तर फिट येते. चिठ्ठीबद्दल शंका असेल तर ती घेऊन उपकेंद्रात जा. तिथले आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून डॉक्टरांना विचारू शकतात. मात्र छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर व्हिडिओ लावत बसू नका. १०८ ला फोन करा.

आत्तीचं बीपी आता ताब्यात आहे. चिठ्ठीची छापील प्रत नातवाने गोळ्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवली आहे, रेंज नसली तरी दाखवता यावी म्हणून. मेडिकलवाल्याने पहिल्यांदा ती वाचली, नोंदणी क्रमांक बघितला आणि गोळ्या दिल्या.