एक्झिट टॅक्सच्या भीतीने एकट्याने राहू नका

काल रात्री न्यूजर्सीतल्या एडिसनच्या आमच्या जुन्या ग्रुपमधल्या एका वहिनींचा फोन आला. दादा गेल्यापासून एकट्याच असतात, मुलगी नातवंडं नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला आणि ह्या इकडे चार बेडरूमच्या घरात गुडघे धरून जिने चढतायत. मी म्हटलं, वहिनी जा की लेकीजवळ, तर म्हणाल्या अगं न्यूजर्सी सोडून गेलं की एक्झिट टॅक्स भरावा लागतो ना, आणि पेन्शनवर पण न्यूजर्सी जन्मभर टॅक्स घेत राहणार म्हणे. कुणी सांगितलं? तर मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या लाइनीत कुणीतरी. मला झोपच लागली नाही. मी सीपीए (अमेरिकेतली सीए) नाही, पण इतकी वर्षं घरचे टॅक्स मीच भरलेत आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं एडिसन सोडून नॉर्थ कॅरोलायनात केरीला आलो तेव्हा दोन्ही स्टेटचे रिटर्न मी स्वतः बसून केलेत, म्हणून लिहितेय.

एक्झिट टॅक्स नावाचा वेगळा टॅक्सच नाही हो! न्यूजर्सीत न राहणाऱ्या माणसाने तिथलं घर विकलं तर स्टेट क्लोजिंगलाच, म्हणजे विक्रीचे कागद पूर्ण होतानाच, अंदाजे टॅक्स आगाऊ घेऊन ठेवतं, नफ्याच्या १०.७५ टक्के किंवा विक्रीच्या किमतीच्या २ टक्के, जे जास्त असेल ते, आणि रिटर्न भरल्यावर जास्तीचे पैसे परत मिळतात. आणि तुम्ही अजून तिथेच राहत असताना राहतं घर विकलं तर क्लोजिंगला जीआयटी-रेप-३ फॉर्मवर (आपण इथलेच रहिवासी आहोत असं सांगणारा फॉर्म) सही करायची, काही कापत नाहीत. आमचं तसंच झालं, आधी घर विकलं मग ट्रक भरला. राहत्या घराच्या नफ्यावर नवराबायकोला ५ लाख डॉलरपर्यंत सूट असते, शेवटच्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असलं म्हणजे झालं. त्याच्या वर नफा झाला तर टॅक्स लागतो, पण तो न्यूजर्सीत राहूनही लागलाच असता, जाण्याचा दंड नव्हे तो.

पेन्शनचं तर १९९६ सालीच मिटलंय. तेव्हा फेडरल कायदा झाला की जुनं स्टेट सोडून गेलेल्या माणसाच्या पेन्शनवर, ४०१के आणि आयआरए ह्या निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांच्या खात्यांवर त्या स्टेटला टॅक्स लावता येत नाही. आयुष्यभर तिथे नोकरी केली असली तरी नाही. तिथे फ्लॅट भाड्याने देऊन ठेवला असेल तर मात्र भाड्यावर न्यूजर्सीचा टॅक्स लागतोच, दरवर्षी नॉनरेसिडेंट रिटर्न भरावं लागतं.

आता खरी काळजी कशाची घ्यायची ते. तारखेची. फेडरल रिटर्न एकच असतं पण स्टेटची दोन, दोन्हीकडे पार्ट-इयर रेसिडेंट म्हणजे वर्षातले काहीच महिने तिथे राहिलेले म्हणून, आणि तुम्ही कुठल्या दिवशी स्टेट बदललं त्यावरून वर्षाचं उत्पन्न दोघांत वाटलं जातं. लायसन्स, मतदार नोंदणी, गाडीचं रजिस्ट्रेशन, बँकेचा पत्ता, सगळं पटापट नव्या ठिकाणी करून घ्या. निम्मं सामान, जुनं लायसन्स आणि डॉक्टर तिकडे आणि आपण इकडे असं ठेवलंत तर जुनं स्टेट विचारणारच की तुम्ही खरंच गेलात का.

आमची चूक इथेच झाली. ह्यांच्या आयआरएच्या कंपनीला मी ऑगस्टमध्येच फोनवर पत्ता सांगितला होता, पत्रं केरीला यायला पण लागली, पण टॅक्स कापायचं स्टेट त्यांनी बदललंच नाही. फेब्रुवारीत १०९९-आर, म्हणजे वर्षभरात खात्यातून किती काढले आणि किती टॅक्स कापला ते सांगणारा फॉर्म, आला, डायनिंग टेबलवर चष्मा लावून बघतेय तर १५ नंबरच्या बॉक्समध्ये एनजे, आणि १४ मध्ये डिसेंबरपर्यंत कापलेला न्यूजर्सीचा टॅक्स. डिसेंबरमध्ये आम्ही तिकडे नव्हतोच! तीनदा फोन केल्यावर दुरुस्त केलेला फॉर्म आला, जास्तीचा टॅक्स रिटर्नमध्ये परत मागितला, मिळाला, पण दोन महिने जिवाला घोर लागला. म्हणून पत्ता आणि टॅक्सचं स्टेट हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा, आणि लेखी घ्या.

आणि कृपया फक्त टॅक्स वाचवायला कुठे जाऊ नका. आमच्याकडे लोक फ्लोरिडा फ्लोरिडा करतात, तिथे इन्कम टॅक्स नाही हे खरंय. नॉर्थ कॅरोलायनात आहे, २०२४ ला ४.५ टक्के होता, २०२५ ला ४.२५ झाला, सोशल सिक्युरिटीवर (सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनवर) लागत नाही पण आयआरएमधून काढलेल्या पैशांवर लागतो, उलट न्यूजर्सीत वयाच्या ६२ च्या पुढे उत्पन्न बेताचं असेल तर पेन्शनवर चांगली सूट होती, म्हणजे त्या बाबतीत इथे आम्ही जास्तच भरतो. तरी इथे आलो कारण नातू दहा मिनिटांवर आहे, शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे येतो आणि थालीपीठ मागतो.

वहिनींसाठी तर अजून एक गोष्ट आहे. जोडीदार गेल्यावर दोन वर्षांच्या आत घर विकलं तर ५ लाखांचीच सूट मिळते, नंतर अडीच लाखांवर येते. शिवाय जोडीदार गेला त्या दिवशीची घराची किंमत त्याच्या अर्ध्या हिश्शाची खरेदीची किंमत म्हणून धरतात, म्हणजे नफाच कमी धरला जातो. हे त्यांना लाइनीत कुणीच सांगितलं नव्हतं. दादांना ऑक्टोबरमध्ये दोन वर्षं होतील. शनिवारी व्हिडिओ कॉलवर लेकीला आणि एका सीपीएला घेऊन बसतोय, वहिनींना म्हटलंय घराचे जुने कागद आणि नव्या छपराच्या, किचनच्या कामाच्या पावत्या काढून ठेवा, नफा मोजताना लागतील.