नगरसेवकानं वॉर्डाची अपडेट कशी लिहावी

निवडून आलात, अभिनंदन. गुलाल धुवून झाला असेल तर आता मोबाईल हातात घ्या, कारण वॉर्डातले लोक महिना झाला की विचारायला लागतात काय चाललंय म्हणून, आणि त्याला काहीतरी अपडेट टाकावी लागते. घाबरू नका, त्यात अवघड काय नाही.

पहिलं म्हणजे तुमचं नशीब बघा किती चांगलं आहे. ऑगस्ट 2023 पासून सांगली मिरज कुपवाड महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडं, आणि जानेवारी 2026 ला मतदान होऊन तुम्ही आत गेलात, म्हणजे मधली जवळजवळ अडीच वर्षं तुम्हाला आयतीच मिळाली. काय बी विचारलं तरी "प्रशासकाच्या काळात रखडलं" एवढं लिहायचं. दोन पावसाळे आरामात जातात ह्यावर. (जे 2018 ते 23 मध्ये पण आत होते त्यांनी हे जरा बारीक अक्षरात लिहावं, बाकी चालतंय.)

आता मुद्द्याचं. नवीन माणसाला वाटतं की काम करायचं आणि मग सांगायचं. असं करू नका हो. झालेल्या कामाची एकच अपडेट होते आणि न झालेल्याची सात होतात. समजा तुमच्या गल्लीतला दोनशे मीटरचा रस्ता आहे. जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) घेऊन जागेवर गेलात, तो टेप धरतोय तुम्ही बोट दाखवताय, ही पाहणी, एक अपडेट. अंदाजपत्रक झालं, दुसरी. तांत्रिक मान्यता, तिसरी. प्रशासकीय मान्यता, चौथी, आणि इथं "अखेर" हा शब्द घालायचा, "अखेर आपल्या रस्त्याला मान्यता", म्हणजे लोकांना वाटतं उद्या रोलर येतोय. मग टेंडर निघालं, स्थायी समितीनं मंजूर केलं, वर्क ऑर्डर आली, असं करत करत नारळ फुटेपर्यंत तुमचं वर्ष निघतं आणि रस्त्यावर अजून खडीचं पोतं पडलेलं नाही. बरं एवढं करून रस्ता झालाच, तर महिन्याभरात ड्रेनेजवाले तो उकरतात, तेव्हा निराश व्हायचं नाही, खड्ड्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा, "ड्रेनेजच्या कामाचा शुभारंभ". त्याच रस्त्यावर पुन्हा पाहणीपासून सुरू.

खर्चाचा आकडा मात्र मोठा लिहा. किती लाख मंजूर ते ठळक अक्षरात. कंत्राटदार कोण, काम संपायची मुदत कधीची, दोष दुरुस्तीचा कालावधी किती वर्षांचा, म्हणजे रस्ता उखडला तर कोणाच्या खर्चानं करायचा, असलं काही लिहून लोकांच्या डोक्याला ताप देऊ नका. त्यांना ते कळलं तर ते कंत्राटदाराला फोन करतील आणि तुमचं महत्त्व कमी होईल.

एका प्रभागात चार नगरसेवक असतात ही तर फारच सोयीची गोष्ट आहे, ज्यानं काढली त्याला नमस्कार. अ, ब, क आणि ड. काम झालं की चौघांचे चार फ्लेक्स, "यांच्या अथक प्रयत्नातून", आणि गटार तुंबलं की ते बाकीच्या तिघांपैकी कुणाचं तरी. आपल्याकडं 20 प्रभागात 78 जण बसवलेत, त्यामुळं दोन प्रभागात तीन तीनच आहेत, तिथल्या नगरसेवकांची मला खरंच काळजी वाटते, ढकलायला एक माणूस कमी.

शेरीनाल्यावर काय लिहायचं असं एकानं विचारलं. अहो त्याच्यावर तर तयार मजकूर आहे, तुमच्या आधीच्यानं लिहिला, त्याच्या आधीच्यानं लिहिला. शहराचं सांडपाणी नाल्यातनं कृष्णेत जातंय, ते उचलून धुळगावच्या शेतीला द्यायची योजना आहे, पाठपुरावा सुरू आहे. फक्त तारीख बदला. आणि नदीवरच्या कार्यक्रमाला गेलात की कृष्णामाईची ओटी भरतानाचा फोटो टाका, नाल्याच्या वरच्या अंगाला उभं राहून, म्हणजे फ्रेम स्वच्छ येते.

पावसाळा सुरू झाला की मग तुमचं डोकंच चालवायला नको. मे महिन्यात नालेसफाईचे फोटो (गाळ काढून काठावरच ठेवलेला, पहिल्या पावसात तो परत आत जातो पण तोवर अपडेट टाकून झालेली असते). जुलैमध्ये कोयनेतनं किती क्युसेक सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी आहे हे पाटबंधारेवाले रोज सांगतात, ते उचलायचं आणि खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवायचा, फोटो आकड्यापेक्षा मोठा. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातल्या आणि काकानगरातल्या पोरासोरांनाही पाठ आहे, 2019 ला 57 च्या वर गेलेलं त्यांनी बघितलंय, ते तुमच्या अपडेटची वाट बघत बसत नाहीत, त्यांच्या गाद्या केव्हाच माळ्यावर गेलेल्या असतात. तरी टाका. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये" हे वाक्य विसरू नका, ते वाचून आजवर कोणाची भीती गेलेली नाही पण पद्धत आहे.

आणि अडचण कुठं येते सांगतो, शामरावनगरसारख्या भागात. तिथं नदी बिदी काय लागत नाही, चांगला वळीव झाला तरी रस्त्यावर तळं. शेतं होती, गुंठा गुंठा करून विकली, घरं आधी झाली आणि पाणी कुठनं बाहेर काढायचं ह्याचा विचार नंतर. मग लोक विचारतात, गटार कधी? अशा वेळी ताबडतोब अलमट्टीवर यायचं, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणावर, ज्याच्या फुगवट्यानं सांगलीचा पूर वाढतो अशी आपली तक्रार आहे. अलमट्टीची उंची कर्नाटक 519.60 वरून 524.256 मीटर करायला निघालंय आणि सांगलीवर घोर अन्याय होतोय, प्राण गेला तरी हे होऊ देणार नाही. प्रश्न खराच आहे, त्यावर भांडायलाच पाहिजे, पण तो तुमच्या सभागृहात सुटत नाही हीच त्याची गोडी. दशांश चिन्हानंतरचे तीनही आकडे पाठ करा. ज्याला धरणाची उंची मिलिमीटरपर्यंत येते त्याला गटाराची खोली कोणी विचारत नाही.

महासभेबद्दल लिहिताना फोटो पाहिजे, उभं राहून हात वर केलेला, खाली "सभागृहात आवाज उठवला". कशाबद्दल उठवला ते लिहिलंच पाहिजे असं काय नाही. विषयपत्रिका मात्र चुकून टाकू नका. त्यात विषय असतात, क्रमांक असतात, आणि सभेत सगळे जेवायच्या वेळेकडं डोळे लावून बसलेले असताना ऐनवेळचे विषय येतात, कुठल्या तरी भूखंडाचं, कुठल्या तरी मुदतवाढीचं, एक सूचक एक अनुमोदक, मंजूर मंजूर मंजूर. त्यात सूचक म्हणून तुमचंच नाव असलं तर त्या दिवशीची अपडेट वृक्षारोपणाची ठेवा.

एक सावधगिरी. 2009 साली कायद्यात क्षेत्रसभा म्हणून एक भानगड घालून ठेवलीय, नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं, समोर बसवायचं आणि त्यांनी सांगायचं आधी कुठलं काम पाहिजे. हे म्हणजे तुम्ही निवडून आल्यावर पण लोकांनी बोलायचं. बऱ्याच जणांना हे माहीतच नाही, तुम्हीही सांगू नका. अगदीच वेळ आली तर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातच एक रजिस्टर फिरवा, वाणाला डबे ठेवा चांगले, सह्या हव्या तेवढ्या मिळतात.

एवढं करूनही प्रत्येक वॉर्डात एक तरी रिटायर झालेले काका निघतात, बांधकाम खात्यातनं नाहीतर पाटबंधारेतनं, त्यांना एस्टिमेट वाचता येतं. ते पिशवीत ठरावाची प्रत घालून सकाळी सकाळी संपर्क कार्यालयात येतात आणि म्हणतात, साहेब ह्याच्यात गटार पण धरलंय की दोन्ही बाजूनं, ते कुठाय? त्यांच्याशी वाद घालू नका. खुर्ची द्या, चहा सांगा, प्रत हातात घेऊन शांतपणे चाळा, मग कपाळाला हात लावून म्हणा, काका हे काम क सदस्यांकडं आहे की. त्यांचा नंबर द्या. ते मुंबईला गेलेत.