मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढणार? मग आधी लेन्स घ्या

मामा फोनवर म्हणाला ना, "तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे, मग फोटोग्राफरला कशाला पैसे घालवायचे?" झालं तर मग, आता माघार नाही, आणि तयारीची सुरुवात अर्थातच लेन्सपासून करायची. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ पहिली कपाटात टाका. तिच्यात स्टेजवरचं अख्खं खानदान मावतं हे खरं, पण ती गळ्यात घालून फिरलात तर तुम्हाला फोटोग्राफर कोण म्हणणार?

त्याऐवजी ५० एमएम एफ १.८ घ्या, स्वस्त असते आणि यूट्यूबवर सगळे तीच घ्या म्हणतात. तुमच्या क्रॉप सेन्सरवर (फोटो टिपणारी चिप, पण लहान आकाराची) ती ७५ सारखी वागते, सगळं जास्तच जवळ दिसतं, म्हणजे ग्रुप फोटोसाठी मागे सरकत सरकत तुम्ही थेट जेवणाच्या पंगतीत पोचाल, पण तेवढं चालतंय. अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) मात्र १.८ च्या पुढे न्यायचं नाही, बॅकग्राउंड ब्लर झालंच पाहिजे. जवळून काढलात की नवऱ्याच्या मुंडावळ्या एकदम कडक शार्प येतात आणि शेजारची नवरी धुक्यात जाते. मामीने विचारलं तर "आर्टिस्टिक आहे" म्हणायचं.

शिवाय दूरचं जवळ आणणारी ७०-२०० एफ २.८ भाड्याने आणा. दीड किलोच्या आसपास वजन, बघूनच लोक वाट सोडतात. दहा फुटांवरून नथीतले मोती मोजता येतात, सासूबाई फ्रेममध्ये येत नाहीत एवढंच.

आता दोन लेन्स झाल्या म्हणजे त्या बदलायला लागणार, आणि त्यासाठी मंगलाष्टकांइतकी निवांत वेळ नाही. गुरुजींची झाली की माईक मावश्यांकडे जातो, मग प्रत्येकीने स्वतः रचलेलं एकेक, त्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांपासून सगळ्यांची नावं, काही घाई नाही. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" कानावर आलं तरी लक्ष देऊ नका, लेन्स काढून कॅमेरा उघडा धरा, तेवढ्यात अंतरपाट खाली येतो, बँडवाला सुरू होतो, हार घालून होतात आणि कुंकू लावलेल्या अक्षतांतले दोन दाणे बरोब्बर तुमच्या कॅमेऱ्याच्या आत पडतात. असा आशीर्वाद मिळायला भाग्य लागतं.

गुरुजींना आधी भेटून लाजाहोम कधी, सप्तपदी कधी, कोण कुठल्या बाजूला बसणार वगैरे विचारत बसू नका, सरप्राइजची मजा जाते. हॉलही आधी बघायचा नाही. फ्लॅश छतावर मारायचा असतो एवढं पाठ करून जा, छताला गुलाबी कापड लावलेलं असलं की वऱ्हाडातला प्रत्येकजण आपोआप गुलाबी होतो, मेकअपवालीचे पैसे वाचले. सायलेंट शटर (आवाज न करणारं, इलेक्ट्रॉनिक) ऑन ठेवा आणि शटर स्पीड हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असल्यामुळे शालूवर आडवे काळे पट्टे येतात, कोणी विचारलं तर नवीन पॅटर्न आहे म्हणून सांगा.

बॅटरी एकच न्या, कार्डही एकच, दोन न्यायची म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आणि सगळं रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, जे काय बिघडेल ते लाईटरूम नावाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बघू.

संध्याकाळपर्यंत चुलतभावाने मोबाईलवर काढलेले फोटो अख्ख्या गोतावळ्याच्या स्टेटसला लागलेले असतील, त्यात अंतरपाटाचा क्षणही असेल आणि तो सरळही आलेला असेल. तिकडे दुर्लक्ष करायचं, त्याला बोके, म्हणजे बॅकग्राउंडचा तो मऊ ब्लर, काय ते तरी कळतं का? अल्बम कधी देतोस असं विचारलं की "एडिटिंग चालू आहे" म्हणा, हे उत्तर डोहाळजेवणापर्यंत आरामात पुरतं. तोवर अगदी जवळून फोटो काढायची एखादी मॅक्रो लेन्स बघून ठेवा, बारशाला बाळाची बोटं काढायला लागेल.