'गेम खेळणारं लेकरू हातचं जातं' या मेसेजला उत्तर

वार्षिक परीक्षा संपल्या की मराठवाड्यातल्या घराघरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. व्हिडिओ गेम खेळणारी लेकरं हिंसक होतात, एकलकोंडी होतात, अभ्यासातून उठतात. जागतिक आरोग्य संघटनेनेच गेमला रोग ठरवलंय. गेमपायी घरं बुडतात. आणि शेवटी, आम्ही मैदानात खेळलो म्हणून घडलो. आमच्या ग्रुपवर यंदा तो तीन नातेवाइकांनी टाकला. मी लातुरात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर आणि गेम पार्लरमध्ये वाढलो. आता पाण्याच्या पंपांची कंट्रोल पॅनेलं बसवतो, दुरुस्त करतो. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

हिंसेचा मुद्दा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त तपासलेला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे हजार, १४-१५ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची भूमिका थोडी वेगळी आहे. ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी छोटा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, असं तिने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हरल्यावर चिडून रिमोट आपटणाऱ्या लेकराला समज द्यावी, जरूर द्यावी. त्याला उद्याचा गुन्हेगार ठरवणं हा अन्याय आहे.

आरोग्य संघटनेबद्दल मेसेज अर्धंच सांगतो. आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, हे खरं. पण त्याचे निकष कुणी पुढे पाठवत नाही. खेळण्यावर ताबा उरत नाही, खाण्या-झोपण्यापेक्षा आणि माणसांपेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, घर-शाळा-कामाची घडी मोडते, आणि हे सहसा किमान १२ महिने चालतं, तेव्हा त्याला आजार म्हणतात. असं लेकरू घरात असेल तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, चारचौघांत झाकू नका. सुट्टीत दुपारभर खेळणाऱ्या पोरावर मात्र तोच शिक्का मारू नका.

एकलकोंडेपणा? ज्यांनी 'मुस्तफा' खेळलाय ते हे कधीच म्हणणार नाहीत. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम आम्ही त्यातल्या टोपीवाल्याच्या नावाने ओळखायचो. त्यात एकमेकांच्या साथीनेच पुढे जायचं, आणि मागे उभी असलेली पोरं सूचना देत राहायची. ज्याची जिवाची पट्टी कमी उरलीय त्यानेच ती भरून देणारं वाटेतलं जेवण उचलायचं, हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण तो मोडणाऱ्याला पुढच्या डावात कुणी सोबत घेत नसे. मोंढ्यातल्या आडत्याचा पोरगा आणि तिथल्याच हमालाचा पोरगा त्या मशीनसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. वर्गात ते एका बाकावर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. घरी 'काँट्रा' हा गोळीबाराचा गेम खेळताना एकाच्या लाईफ, म्हणजे खेळातले जीव, संपल्या तर दुसऱ्याच्या शिलकीतली घेता यायची. द्यायची की नाही, यावरून भांडणं व्हायची आणि मिटायचीही. माणसांत राहणं आम्ही तिथेही शिकत होतो.

आता अभ्यास. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो.

लातूर पॅटर्नच्या गावात लहानाचं मोठं होणं काय असतं, हे बाहेरच्यांना पटकन कळणार नाही. दर आठवड्याला टेस्ट, टेस्टनंतर क्रमांकाची यादी, निकालाच्या दिवशी चौकाचौकात फोटोंचे फ्लेक्स. या पद्धतीने गरिबाघरची असंख्य लेकरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, तिचा मला अभिमान आहे. पण तिथे प्रत्येक चूक चारचौघांत मोजली जायची. शेजारच्या काकू 'किती पडले रे?' विचारायच्या आणि उत्तर ऐकून आईकडे बघायच्या. चुकून बघावं, पुन्हा चुकावं, का चुकलं ते शोधावं, याला दिवसभरात कुठेच जागा नव्हती. ती जागा मला गेममध्ये मिळाली. 'काँट्रा'त एक गोळी लागली की लाईफ गेली. मग पुढच्या वेळी ती गोळी कुठून येते हे आधी बघायचं, उडी नंतर मारायची. 'मारिओ'च्या आठ दुनिया, ३२ लेव्हल, आणि गेम सेव्ह करायची सोय नाही. त्यात लोडशेडिंग. सातव्या दुनियेत असताना लाईट गेली की सगळं पुसलं. लाईट आली की पहिल्यापासून सुरुवात. कुणी हसायला नव्हतं, कुणी यादी लावत नव्हतं, म्हणून पुन्हा बसायची हिंमत व्हायची.

दुसरी गोष्ट त्या यंत्राची. स्क्रीनवर रेघा आल्या की कॅसेट काढून फुंकर मारायची सगळीकडे पद्धत होती. खरं काम फुंकर करत नसे. कॅसेट पुन्हा नीट बसली की पिनांचा संपर्क जुळायचा. उलट तोंडाच्या वाफेने पिना गंजायची भीती. हे एक-एक गोष्ट बदलून बघितल्यावरच उमगतं. आधी अडॅप्टर, मग वायर, मग कॅसेट. आज पंप सुरू होत नाही म्हणून फोन येतो तेव्हा मी आधी सप्लाय तपासतो, मग फ्यूज, मग मोटर जळू नये म्हणून बसवलेला ओव्हरलोड रिले, मग मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल. एका वेळी एकच. ही शिस्त मला कुठल्याही क्लासने दिली नाही.

पुढे सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स २' हा राज्यं उभारून लढायचा गेम आला. त्यात सुलतान सलादीन भेटला, जर्मन सम्राट बार्बारोसा भेटला, तटबंदी फोडायला काय काय लागतं ते कळलं. त्यानंतर लातूरजवळच्या औशाचा भुईकोट किल्ला पाहायला गेलो तर खंदक आणि दुहेरी तट का बांधले असतील, हे मी स्वतःच्या डोक्याने विचारत होतो. प्रत्येक गेम असं काही देतो असा माझा दावा नाही. नुसती बोटं चालवायला लावणारे ढिगाने आहेत.

पैशाच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त घोळ घालतो. पैसे लावून खेळायच्या ॲपमध्ये घरं बुडाली, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पण म्हणून रमीचं ॲप आणि 'मारिओ' एकाच गोणीत भरायचे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. कायद्याने केलेला हा फरक आईबापांनीही करायला हवा. फुकट दिसणाऱ्या गेममध्येही आतून बंदुका, कपडे, आणि आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या नशिबाच्या पेट्या (लूट बॉक्स) विकतात. अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. लेकरू काय खेळतंय हे शेजारी बसून बघा, आणि पेमेंटचा पिन त्याला देऊ नका.

राहिलं मैदान. मैदानं हवीतच, आम्ही पार्लरमधून निघून क्रिकेट खेळायलाच जायचो. पण माझ्या मावसबहिणीला पार्लरमध्ये जायची परवानगी नव्हती आणि दिवेलागणीनंतर मैदानातही नव्हती. ती घरच्या टीव्हीवर खेळली. लोडशेडिंगच्या वेळा वहीत लिहून ठेवायची आणि त्याप्रमाणे बसायची. आमच्या सगळ्या भावंडांत 'मारिओ' शेवटपर्यंत पहिल्यांदा तिने नेला. मैदानात घडलेल्या ज्या 'आम्ही'बद्दल हा मेसेज बोलतो, त्यात तिला कुणी धरलेलंच नाही.