कच्च्या क्रोसाँबद्दल आणि त्या कडू कॅपुचिनोबद्दल

नमस्कार.

आमच्या बेकरीबद्दलचा आपला अभिप्राय मी तीनदा वाचला. एक तारा पाहून वाईट वाटलं, पण आपण कारणं नीट लिहिली आहेत, म्हणून उत्तरही नीटच द्यायला हवं. आपलं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा दिवसांत दोनदा आलात. पहिल्या वेळचा क्रोसाँ (बटरचे पदर असलेला फ्रेंच पाव) उत्तम होता, दुसऱ्या वेळचा आतून कच्चा. कॅपुचिनो कडू, दूध करपल्यासारखं. दुपारी बारानंतर ट्रे रिकामे. आपण सहा वर्षं परदेशात होतात आणि तिथल्या चेनमध्ये, म्हणजे एकाच कंपनीच्या अनेक शाखांमध्ये, कुठल्याही शहरात गेलं तरी तीच चव मिळते, तेव्हा आम्ही त्यांच्याकडून काहीतरी शिकावं.

कॉफीचं आधी सांगते, कारण तिथे चूक सगळी माझी आहे. कॉफी किती बारीक दळायची हे रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ठरवावं लागतं. हवा बदलली, बियांचं नवं पाकीट फोडलं, की कालचं सेटिंग आज चालत नाही. एस्प्रेसो, म्हणजे कॅपुचिनोच्या तळाची दाट कॉफी, साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. त्या दिवशी दळण फार बारीक होतं, पाणी अडून अडून येत होतं आणि तेवढ्या वेळात कडूपणा कपात उतरत होता. दुधाचंही तसंच. ६० ते ६५ अंशांपर्यंत दूध गोड लागतं, ७० च्या वर गेलं की तो उकळल्याचा वास येतो आणि मग काही केल्या जात नाही. मशीनवर नवीन मुलगा होता. त्याला एकट्याला तिथे उभं करून मी ओव्हनपाशी होते, त्यामुळे दोष त्याच्याकडे जात नाही.

मोठ्या चेनकडून शिकावं म्हणता, तर या बाबतीत मी खरंच शिकले आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी संध्याकाळी स्टारबक्सने अमेरिकेतली आपली सुमारे ७,१०० दुकानं काही तासांसाठी बंद ठेवली होती, फक्त एस्प्रेसो नीट कशी काढायची हे सगळ्यांना पुन्हा शिकवण्यासाठी. एवढ्या मोठ्या धंद्याने गल्ला बंद ठेवून चूक कबूल करणं मला फार मोलाचं वाटतं. गेल्या मंगळवारी आम्हीही दुपारी तीन तास दार लावून घेतलं. दुधात थर्मामीटर, हातात टायमर आणि प्रत्येकाने स्वतः काढलेली कॉफी स्वतः प्यायची. त्या मुलाने अकरा कप ओतून टाकले. बारावा मी प्यायले, चांगला होता.

आता क्रोसाँ. दर वेळी तीच चव मिळायला हवी ही आपली अपेक्षा मला समजते, पण चेनची तीच चव येते कुठून तेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या ग्रेग्ज या बेकरी चेनचे सॉसेज रोल कारखान्यात तयार होतात, गोठवून दुकानांत पोचतात आणि तिथे फक्त भाजले जातात. कॅनडातली टिम हॉर्टन्स १९६४ मध्ये हॅमिल्टनला डोनटचं दुकान म्हणून सुरू झाली. पूर्वी डोनट दुकानातच बनायचे. या शतकाच्या सुरुवातीला ती पद्धत सोडून मध्यवर्ती कारखान्यातून गोठवलेला माल पाठवायचा आणि दुकानात त्याचा शेवटचा हात फिरवायचा असं ठरलं. मी याला नावं ठेवत नाही. हजारो दुकानांत एकसारखा पदार्थ देणं हे मोठं काम आहे आणि घाईत असलेल्या माणसाचं पोट त्यावर भरतं. पण आपल्याला आठवते ती चव दुकानात जन्मलेली नसते, शीतगृहातून आलेली असते.

फ्रान्सने तर यावर कायदाच केला. १९९८ पासून तिथे पाव जागेवरच मळून, घडवून, भाजला आणि पीठ कधीही गोठवलं नाही, तरच दुकानावर 'बुलांजरी' (पावाची बेकरी) अशी पाटी लावता येते. गंमत म्हणजे हा नियम पावापुरता आहे, क्रोसाँला लागू नाही. त्यामुळे तिथेही पाटीखाली गोठवलेला क्रोसाँ मिळू शकतो.

आमच्याकडे पीठ आदल्या दिवशी मळलं जातं. लाटायच्या वेळी बटर १३ ते १५ अंशांच्या आसपास असावं लागतं: थंड असेल तर पिठात तुकडे पडतात, गरम असेल तर पिठातच मुरतं आणि पदर सुटत नाहीत. तीन वेळा तिहेरी घडी घातली की बटरचे सत्तावीस पदर होतात. मग कापायचं, गुंडाळायचं आणि फुगायला ठेवायचं. आपल्याला जो कच्चा निघाला तो याच शेवटच्या टप्प्यावर बिघडला. पुरता फुगू न दिलेला क्रोसाँ बाहेरून छान तांबूस दिसतो आणि पोटात ओला गोळा राहतो. सकाळी रांग लागली होती, मी अर्धा तास आधीच ट्रे आत ढकलला. हाताने केलेल्या मालात थोडाफार फरक पडतो, पण हा फरक त्यातला नव्हता. ही घाई होती. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. परदेश म्हणजे सगळीकडे चेनच चांगली, असं नाही. स्टारबक्स २००० मध्ये ऑस्ट्रेलियात गेली आणि २००८ मध्ये तिला तिथल्या ८४ पैकी ६१ शाखा बंद कराव्या लागल्या. इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी रुजवलेली छोटी कॉफीची दुकानं तिथे गल्लोगल्ली होती, लोकांना आपला कप ठाऊक होता. इटलीत तर कंपनीने पाऊल ठेवलं ते २०१८ मध्ये, सुरू झाल्यापासून ४७ वर्षांनी, आणि तिथे बेकिंगचं काम मिलानच्याच प्रिन्ची बेकरीकडे दिलं. २००७ मध्ये स्टारबक्सचे तेव्हाचे अध्यक्ष हॉवर्ड शुल्त्झ यांनी आपल्याच कंपनीतल्या वरिष्ठांना लिहिलं होतं की स्वयंचलित मशीन आणि हवाबंद पाकिटं आल्यावर काम जलद झालं, पण दुकानातला कॉफीचा वास गेला. पुढे गरम सँडविचमधलं चीज जळल्याचा वास कॉफीवर चढतो म्हणून ती सँडविचंही त्यांनी काढायला घेतली होती. नंतर कमी तापमानावर भाजून ती परत आली. हे वाचल्यापासून आमचा ओव्हन आणि कॉफीचं मशीन यांच्यामध्ये मी भिंत घातली आहे.

रिकाम्या ट्रेबद्दल: दोन दिवसांत जेवढे होतात तेवढेच क्रोसाँ आम्ही करतो. उरलेले पीठ गोठवून दिवसभर भाजत राहिले तर ट्रे भरलेले दिसतील, पण ते मला करायचं नाही. बारानंतर येणाऱ्यांची निराशा होते हे मात्र खरं आहे. म्हणून उद्यापासून आदल्या संध्याकाळपर्यंत फोनवर सांगून ठेवलं तर आपल्या नावाचे क्रोसाँ दुपारी दोनपर्यंत बाजूला ठेवू. आणि किती उरले आहेत ते दारावरच्या फळ्यावर लिहू, म्हणजे आत येऊन परत जावं लागणार नाही.

आपण पुन्हा यावं अशी इच्छा आहे. सकाळी सात ते अकरा मशीनवर मीच असते. आल्यावर या अभिप्रायाचा उल्लेख करा. क्रोसाँ आपल्यासमोर मधोमध कापून दाखवते, पोटात ओला निघाला तर दुसरा कापू.