‘अपेंड लूपबाहेर काढा, पायथॉन दुप्पट पळेल’: हा सल्ला आता सोडा

पायथॉन शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: लूपमध्ये ‘यादी.अपेंड’ (यादीच्या म्हणजे लिस्टच्या शेवटी नवा घटक जोडणारी मेथड) लिहू नका. आधीच ‘जोड = यादी.अपेंड’ करून घ्या आणि आत नुसतं ‘जोड’ वापरा, वेग दुप्पट. कारणं दोन दिली जातात: दर कॉलला नवं बाउंड मेथड ऑब्जेक्ट (मेथड आणि तिची लिस्ट एकत्र बांधणारी तात्पुरती वस्तू) तयार होतं, आणि डॉट दिसला की पायथॉन मेथड शोधायला दर वेळी क्लासच्या डिक्शनरी (नावांच्या नोंदी) धुंडाळतो.

पहिलं कारण पायथॉनच्या ३.६ आवृत्तीपर्यंत खरं होतं. २०१८ च्या ३.७ पासून फंक्शन आणि ऑब्जेक्ट स्टॅकवर (पायथॉनच्या कामचलाऊ जागेवर) शेजारीशेजारी ठेवले जातात; मधलं ऑब्जेक्ट बनतच नाही. यामुळे मेथड कॉल २० टक्क्यांपर्यंत वेगवान झाल्याचं त्या आवृत्तीच्या माहितीतच नोंदवलंय.

धुंडाळण्याचं म्हणाल, तर २.६ पासूनच क्लासच्या शोधाला कॅश (आधी सापडलेली उत्तरं जपून ठेवायची सोय) आहे. ३.११ मध्ये (२०२२) त्याहून पुढची गोष्ट आली. कॉलची ओळ काही वेळा चालली की सापडलेलं उत्तर त्या ओळीच्या बाइटकोडशेजारीच (पायथॉन कोडचं ज्या छोट्या सूचनांमध्ये रूपांतर करतो, त्यांच्याशेजारी) लिहून ठेवलं जातं. पुढच्या फेरीला फक्त क्लास तोच आहे ना, एवढं तपासायचं. ही युक्ती स्मॉलटॉक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांनी १९८४ मध्येच मांडली होती.

आणि अपेंडचं तर खास आहे. लिस्टच्या अपेंडसाठी ३.११ पासून वेगळी, थेट सूचनाच आहे. बाइटकोड दाखवणाऱ्या ‘डिस’ मॉड्यूलला ‘अडॅप्टिव्ह’ पर्याय देऊन लूप चालल्यावर बघा, ‘लिस्ट अपेंड’ नावाची सूचना तिथे दिसेल. ‘जोड’ वापरलंत तर ती मिळत नाही, कॉल साध्या बिल्ट-इन फंक्शनच्या वाटेने जातो. म्हणजे ज्या उदाहरणावर हा सल्ला उभा आहे, तिथेच तो इंटरप्रिटरच्या (कोड चालवणाऱ्या पायथॉनच्या) आड येतो.

‘दुप्पट’ हा आकडाही फसवा आहे. लूपमध्ये फाइलची ओळ वाचून फोडायची असेल, तर बहुतेक वेळ त्यातच जातो. जुन्या ३.६ वर अडकलेल्या सर्व्हरवर फायदा होईल, हे मान्य. पण तिथेही आधी टाइमइट या वेळ मोजणाऱ्या मॉड्यूलने मोजा.

मला खरी काळजी वेगळीच आहे. हजार ओळी साठल्या की डेटाबेसला पाठवायच्या आणि ‘यादी’ला नवी रिकामी लिस्ट द्यायची, असा कोड घ्या. ‘जोड’ मात्र जुन्याच लिस्टला चिकटून राहतो. पहिले हजार नीट जातात. पुढच्या ओळी त्या जुन्या लिस्टमध्ये साचत राहतात, ‘यादी’ रिकामीच राहते, आणि एररही येत नाही.